राज्यातले विद्यापीठ आणि राज्याबाहेरचे विद्यापीठ: कीर्तीविषयीचे काही गैरसमज

संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि मुख्यतः सरकारी अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठाला सार्वजनिक विद्यापीठ म्हणतात, आणि त्यांपैकी राज्याच्या कायद्याने उभी राहिलेली ती राज्य विद्यापीठे होत. महाराष्ट्रातील अशा बहुतेक विद्यापीठांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 या कायद्यानुसार चालतो. या विद्यापीठांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार दिसते, ती अशी की त्यांची घरची कीर्ती आणि बाहेरची कीर्ती एकमेकींशी जुळत नाहीत. मुंबई विद्यापीठाचे नाव निघाले की ठाण्यातल्या किंवा रत्नागिरीतल्या पालकाला लांबलेले निकाल, एटीकेटी आणि पुनर्मूल्यांकनाचे अर्ज आठवतात, तर कोलकात्यातल्या समाजशास्त्राच्या अभ्यासकाला त्याच नावाने भारतातील या विषयाच्या अध्यापनाचा आरंभ आठवतो. या तफावतीचे स्पष्टीकरण सहसा ‘पिकते तेथे विकत नाही’ या म्हणीने दिले जाते आणि जवळच्या वस्तूची किंमत नसते असे म्हणून विषय संपवला जातो. हाच या बाबतीतला पहिला आणि सर्वांत मोठा गैरसमज आहे.

वस्तुस्थिती अशी की घरचे लोक आणि बाहेरचे लोक एकाच वस्तूविषयी बोलत नसतात. 1857 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली, तेव्हा त्यांचे काम शिकवण्याचे नव्हतेच. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टनसारख्या महाविद्यालयांनी करायचे आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवून, परीक्षा घेऊन पदवी द्यायची, अशी ती रचना होती. महाविद्यालयाने विद्यापीठाशी जोडून घेण्याच्या या व्यवस्थेला संलग्नता म्हणतात. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ज्या पहिल्या तुकडीत 1862 साली पदवीधर झाले, त्या तुकडीसाठी मुंबई विद्यापीठ ही परीक्षा घेणारी संस्था होती. 1904 च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची वाट मोकळी झाल्यावर 1919 मध्ये मुंबईत अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचे अध्यापन सुरू झाले, समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडिस आले, आणि त्यांच्यानंतर गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास यांच्यासारखे अभ्यासक घडले. तेव्हापासून एकाच नावाखाली दोन विद्यापीठे नांदत आली आहेत. एक अध्यापन विभागांचे, ज्यात तुलनेने थोडे विद्यार्थी शिकतात, आणि दुसरे शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षांचे, ज्याच्याशी राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक सुशिक्षित घराचा कधी ना कधी संबंध येतो.

घरचा विद्यार्थी विद्यापीठाला ओळखतो तो या दुसऱ्या रूपात. तो तीन वर्षे आपल्या महाविद्यालयात शिकतो, आपल्या शिक्षकांचे श्रेय महाविद्यालयाला देतो, आणि विद्यापीठाशी त्याची गाठ पडते ती परीक्षेचे प्रवेशपत्र, गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र अशा कागदांच्या निमित्ताने, म्हणजे बहुधा काहीतरी अडले असतानाच. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीविना लागू केली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढील शिक्षणासाठी अन्यत्र जाऊ पाहणाऱ्यांची कोंडी झाली, आणि अखेर त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलपती या नात्याने कुलगुरूंना पदावरून दूर केले. ज्या घराने तो उन्हाळा आणि पावसाळा निकालाची वाट पाहण्यात काढला, त्या घराच्या मनातील रागाला जवळच्या वस्तूविषयीची अनास्था म्हणणे अन्यायाचे आहे, कारण तो राग प्रत्यक्ष अनुभवातून आलेला आहे आणि परीक्षाविभागापुरता तो न्याय्यही आहे. मात्र विद्यापीठाच्या कलिना संकुलातील एखाद्या विभागाच्या अध्यापनावर त्यावरून शेरा मारला जातो, तेव्हा एका संस्थेच्या चुकीची शिक्षा दुसरीला होते.

हे स्पष्टीकरण खरे आहे की नाही, हे अन्य राज्यांवरून पडताळून पाहता येते. कोलकात्याचे जादवपूर विद्यापीठ 1955 साली स्थापन झाले, त्याची मुळे 1906 च्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेत आहेत, आणि ते प्रामुख्याने स्वतः शिकवणारे विद्यापीठ आहे. संलग्न महाविद्यालयांचा डोलारा त्याच्यावर नाही. पिकते तेथे विकत नसते, तर बंगालमध्ये जादवपूरची किंमत कमी असायला हवी होती. प्रत्यक्षात बंगालमधील विद्यार्थ्यांची जादवपूरला प्रवेश मिळवण्यासाठी चुरस असते आणि बाहेरही त्याचे नाव तेवढ्याच आदराने घेतले जाते. याच्या उलट उदाहरण चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे आहे. 1978 मध्ये गिंडी येथील जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयासह मोजक्या संस्था एकत्र करून ते उभे राहिले, आणि 2001 च्या कायदादुरुस्तीनंतर तमिळनाडूतील अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला जोडली गेली. तेव्हापासून तेथील पालक ‘अण्णा विद्यापीठ’ एवढ्यावर थांबत नाहीत, गिंडीचे संकुल की संलग्न महाविद्यालय हे आधी विचारतात. राज्याबाहेरच्या नोकरी देणाऱ्याला मात्र दोन्ही पदव्यांवर एकच नाव दिसते.

दुसरा गैरसमज क्रमवारीविषयीचा आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी, म्हणजेच एनआयआरएफ, 2016 पासून प्रसिद्ध होते आणि 2024 मध्ये तिच्यात राज्य सार्वजनिक विद्यापीठांचा वेगळा गट आला, ज्यात त्या वर्षी अण्णा विद्यापीठ पहिले, जादवपूर दुसरे आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ तिसरे होते. पुढच्याच वर्षी पुणे बरेच खाली घसरले. ही क्रमवारी विद्यापीठाचा सगळा कारभार मोजते असे वाचक धरून चालतात, परंतु तिच्या 100 गुणांपैकी 30 अध्यापन व साधनसामग्रीला, 30 संशोधनाला, 20 पदवीधरांच्या निष्पत्तीला, 10 सर्वसमावेशकतेला आणि 10 लोकमताला आहेत, आणि महाविद्यालयांची क्रमवारी स्वतंत्र लावली जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संलग्न महाविद्यालयात बी. कॉम. करणाऱ्या विद्यार्थिनीला काय शिकायला मिळते, याचे उत्तर पुणे विद्यापीठाच्या क्रमांकात शोधून सापडणार नाही. शिवाय सर्वसमावेशकतेच्या गुणांत अन्य राज्यांतून आणि परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण धरले जाते, त्यामुळे आपल्याच जिल्ह्यांसाठी निर्माण झालेल्या विद्यापीठाला त्या निकषावर मुळातच कमी वाव राहतो. ही त्रुटी किरकोळ नाही.

याला लागूनच तिसरी समजूत येते, ती म्हणजे बाहेर ज्याचे नाव नाही ते विद्यापीठ कमी दर्जाचे. 1958 पूर्वी मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. औरंगाबादला स्वतःचे विद्यापीठ आल्यावर त्या प्रदेशाच्या उच्च शिक्षणाचे केंद्र प्रथमच त्या प्रदेशात आले, आणि 1978 च्या ठरावापासून 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंत ज्या संघर्षातून त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले, त्याची किंमत मराठवाड्यातील दलित घरांनी मोजलेली आहे. परराज्यातल्या माणसाला त्या नावावरून लखनौचे, आग्र्याचे की दिल्लीचे विद्यापीठ हे कळतही नाही. गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांसाठी 2011 मध्ये सुरू झालेल्या गोंडवाना विद्यापीठाची बाहेर चर्चा नसते, परंतु त्याआधी त्या विद्यार्थ्यांचे विद्यापीठ नागपुरात होते आणि एखाद्या कागदासाठी भामरागडच्या मुलाला किती प्रवास करावा लागत असेल हे नकाशा पाहिला तरी समजते. अशा विद्यापीठाचे मोल घरच्या लोकांनीच सांगायचे असते, आणि तेथे त्यांचाच शब्द अधिक विश्वासार्ह मानला पाहिजे.

बाहेरची कीर्तीही नेहमी विद्यापीठाची स्वतःची असतेच असे नाही. पुण्याच्या खगोलशास्त्राचे नाव जगभर आहे, पण ज्या आयुका संस्थेमुळे ते झाले, ती 1988 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केलेली आंतरविद्यापीठीय संस्था विद्यापीठाच्या आवारात असली तरी विद्यापीठाचा विभाग नाही. फर्ग्युसन महाविद्यालय 1885 चे, म्हणजे पुणे विद्यापीठाहून सहा दशकांनी जुने. मुंबईत 1933 मध्ये सुरू झालेला रसायन तंत्रज्ञानाचा विभाग यूडीसीटी या नावाने देशभर गाजला; 2008 मध्ये तो अभिमत विद्यापीठ झाला, म्हणजे स्वतंत्र कायद्याविना केंद्र सरकारकडून विद्यापीठाचा दर्जा मिळालेली संस्था झाला, आणि मुंबई विद्यापीठाच्या कीर्तीतला एक मोठा वाटा त्याच्याबरोबर निघून गेला. वैद्यकीय महाविद्यालयांचेही तसेच: केईएम आणि ग्रँट यांची नावे लोक आजही मुंबई विद्यापीठाशी जोडतात, तरी 1998 मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे ती गेलेली आहेत.

परराज्यातील पदवी कमी वैध असते, ही समजूत थोडक्यात निकालात काढता येते. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, 1956 च्या कलम 22 नुसार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या तसेच अभिमत विद्यापीठांना पदवी देण्याचा अधिकार आहे, आणि त्या अधिकारात केंद्रीय विद्यापीठ वरचे व राज्य विद्यापीठ खालचे अशी उतरंड नाही. पात्रतेची छाननी किंवा स्थलांतर प्रमाणपत्राची मागणी होते ती प्रवेशाच्या नोंदीसाठी. तिचा पदवीच्या दर्जाशी संबंध नसतो.

या सगळ्या गोंधळाचे मूळ असलेली संलग्नता आता हळूहळू आक्रसत आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती 15 वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. स्वायत्त महाविद्यालये, म्हणजे विद्यापीठाच्या छत्राखाली राहूनही आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणारी महाविद्यालये, वाढत आहेत, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पदवीवर विद्यापीठाबरोबर महाविद्यालयाचेही नाव असते. पुण्याचे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय तर 2022 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. असे होत गेल्यास रत्नागिरीतला पालक आणि कोलकात्यातला अभ्यासक यांच्यासमोर प्रथमच एकच मुंबई विद्यापीठ उभे राहील, आणि ते कलिन्याच्या विभागांचे असेल, ज्यांतील रिक्त पदांचा आणि अनुदानाचा प्रश्न तोवर सुटलेला असणे आवश्यक आहे.