फलनाच्या पोटात फलन

अकरावीच्या तासाला फळ्यावर फ(क्ष) = (२क्ष − १)/(५क्ष − २) असं फलन येतं आणि खाली प्रश्न असतो: फ(फ(क्ष)) काढा. म्हणजे जिथे जिथे क्ष दिसेल, तिथे हा अख्खा अपूर्णांक बसवायचा. अंशात अपूर्णांक, छेदातही अपूर्णांक. वहीवर ती उतरंड पाहूनच पुष्कळ मुलं धास्तावतात. कुणी अंशातला क्ष बदलतो आणि छेदातला तसाच ठेवतो. कुणी कंस गाळतो, मग बाहेरचा २ पहिल्याच पदाला लागतो.

सराईत हात आधी वरखाली (५क्ष − २)ने गुणतो. वर उरतं २(२क्ष − १) − (५क्ष − २). कंस सोडवला की ४क्ष − २ − ५क्ष + २, म्हणजे नुसतं −क्ष. खाली ५(२क्ष − १) − २(५क्ष − २). तिथे १०क्ष कटतात आणि −१ राहतो. उत्तर क्ष! एवढ्या खटाटोपानंतर ज्याला हात लावला होता, तोच क्ष परत येतो.

हा योगायोग नव्हे. अंशातला क्षचा सहगुणक २ आहे, छेदातलं सुटं पद −२. दोघांची बेरीज शून्य. (अक्ष + ब)/(कक्ष + ड) या घडणीच्या फलनात अ + ड = ० असेल आणि अंश-छेद एकमेकांच्या पटीत नसतील, तर ते स्वतःलाच उलटवतं. अशी फलनं एकमेकांत घातली की त्यांचे चार सहगुणक सारणींच्या गुणाकाराच्या नियमानेच वागतात. आर्थर केली यांनी १८५८ मध्ये सारणींचं बीजगणित मांडलं, त्यातला गुणाकार पहिल्यांदा शिकताना विचित्र वाटतो. तो तसाच का, हे या गणितात फार छान उमगतं.

१/(१ − क्ष) घेतलं तर दुसऱ्या फेरीला (क्ष − १)/क्ष मिळतं आणि तिसऱ्या फेरीला क्ष. आकडा घालून पाहावं: २ वरून −१, −१ वरून १/२, १/२ वरून पुन्हा २.

पण क्ष = १ घेतला तर? (क्ष − १)/क्ष या सुटसुटीत रूपात उत्तर शून्य येतं, मात्र मूळ फलनात पहिल्याच पायरीवर छेद शून्य होतो. म्हणजे रूप सोपं झालं, तरी १ला प्रांतात जागा नाही. तिसऱ्या फेरीच्या साध्या क्षमध्ये तर ० आणि १ दोन्ही वर्ज्य आहेत, आणि कागदावर त्याची खूणही उरत नाही. उत्तरापुढे या अटी लिहिणं हा गणिताचाच भाग आहे. त्या न लिहिता उत्तर पुरं झालं असं मानणं चूक आहे.

क्षचा वर्ग आला की पसारा झपाट्याने वाढतो. (क्ष² + २)/(२क्ष) हे २चं वर्गमूळ काढण्याच्या जुन्या रीतीतलं फलन. क्ष आणि २/क्ष यांची सरासरी काढायची, एवढीच ती रीत. ते स्वतःत घातलं की (क्ष⁴ + १२क्ष² + ४)/(४क्ष³ + ८क्ष) होतं. दर फेरीला घात दुप्पट, म्हणून दहाव्या फेरीला १०२४! तेवढं सोडवून लिहायला कुणी बसत नाही. त्यापेक्षा संख्या घालून पुढे जावं. १ पासून निघालं की ३/२, मग १७/१२, मग ५७७/४०८. बौधायन शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णासाठी १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४) असा नियम आहे. त्याची बेरीज नेमकी ५७७/४०८ येते, आणि २च्या वर्गमूळाशी ती दशांशचिन्हानंतर पाच स्थळांपर्यंत जुळते.

हीच क्रिया अनंत वेळा केली तर प्रत्येक बिंदूचं काय होतं, हा प्रश्न पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये पिएर फातू आणि गास्ताँ ज्युलिया यांनी स्वतंत्रपणे हाती घेतला. ज्युलिया युद्धात चेहऱ्यावर जबर जखमी झाले होते, नाक गेलं होतं. परिमेय फलनांच्या पुनरावृत्तीवरचा त्यांचा दीर्घ प्रबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते पंचविशीत होते.