सवलत कागदाची, सोबत माणसाची

लंडन : मुलुंड-घाटकोपरहून सायन रुग्णालयात अध्ययन-अक्षमतेच्या दाखल्यासाठी खेटे घातलेल्या पालकांना इथली एक तरतूद ओळखीची वाटेल. आपल्या दहावीच्या बोर्डाने अशा मुलांना बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं गणित घ्यायची मुभा केव्हाच दिली. इंग्लंडने तीच मुभा कामाच्या जागी नेली. शिकाऊ उमेदवाराला इथे हुन्नराबरोबर इंग्रजी-गणितातही पास व्हावं लागे. हात बसलेली कितीतरी मुलं तिथेच अडत. २०१६ साली पॉल मेनार्ड या खासदाराच्या समितीने (त्यांना स्वतःला सेरेब्रल पाल्सी आहे) ही अट सैल करायला सांगितलं. आता अध्ययन-अक्षम मुलांना नऊ ते अकरा वर्षांच्या मुलाला जमावं इतपत गणित पुरतं.

खरी मातब्बरी मात्र पुढे आहे. शिकाऊ उमेदवाराला पगार मिळतो. एप्रिल २०२५मध्ये तो ताशी किमान ७.५५ पौंड झाला. शिवाय ‘ॲक्सेस टू वर्क’ या सरकारी योजनेतून जॉब कोचचा खर्च निघतो. हा कोच कामाचे बारीक तुकडे पाडतो, शेजारी उभा राहून ते करवून घेतो आणि जमू लागलं की बाजूला होतो.

फार हुरळून जाऊ नये. यातल्या काही सवलतींची किल्ली म्हणजे नगरपालिकेने बनवलेला मुलाच्या शिक्षण-आरोग्य गरजांचा आराखडा. कायद्याने तो २० आठवड्यांत हाती पडावा. २०२४ साली निम्मेही वेळेत निघाले नाहीत. ज्यांना शिकाऊ उमेदवारी झेपत नाही त्यांच्यासाठी कोचसह ‘सपोर्टेड इंटर्नशिप’ आहे, पण बिनपगारी. आणि समाजसेवा खात्याकडे नोंद असलेल्या बौद्धिक दिव्यांग प्रौढांपैकी पगारी कामावर आहेत शंभरात जेमतेम पाच!

कोचची ही रीत मुंबईला नवी नाही. जुहूत २०१८ साली उघडलेल्या ‘कॅफे अर्पण’मध्ये स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग तरुण अशीच कामं शिकले. पण ते एका ट्रस्टच्या हिमतीवर. आपला १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना शिकाऊ घ्यायला लावतो, विद्यावेतनही ठरवतो. शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाचा पगार कुणी द्यायचा, हे मात्र सांगत नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिव्यांगांचं रोजगाराभिमुख प्रशिक्षण सीएसआर खर्चात बसतं. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांना त्या पैशातून कोच तयार करायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.