कोंड्याच्या तेलातील मेण

ठाणे जिल्ह्यातील कल्याण, मुरबाड व शहापूर या तालुक्यांत भात हेच खरिपाचे मुख्य पीक होय. तांदूळ सडताना निघणारा कोंडा बहुधा गुरांपुढे जातो. वास्तविक चांगल्या कोंड्यात साधारणतः शेकडा १५ ते २० भाग तेल असते. मात्र त्यासमवेत मेणही उतरते. हे मेण नीट न काढलेले तेल थंडीत गढूळ होते आणि डोंबिवलीच्या गृहिणीस उगाच भेसळीचा संशय येतो.

मेण काढण्यासाठी तेल सावकाश थंड करतात. घाई केल्यास मेणाचे कण अतिबारीक होऊन गाळणीचे कापड तुंबते. म्हणून तेलात डायटम माती मिसळतात. प्राचीन सूक्ष्म शैवालांच्या सिलिकायुक्त कवचांची ही माती असून तिच्या सच्छिद्र थरातून तेल पार होते, मेण मागे राहते. ज्वालामुखीजन्य परलाइटही याच कामी येते. या मातीची कोरडी धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे. ती हाताळताना नाकतोंड झाकणे अगत्याचे.

परंतु शिळ्या कोंड्यास कोणतीही माती तारू शकत नाही. तांदूळ सडल्याबरोबर कोंड्यातील लायपेज हे विकर तेलाचे विघटन आरंभते व आम्लता झपाट्याने वाढते. यास्तव गिरणीवाल्यांनी कोंडा तुसापासून वेगळा राखून त्याच दिवशी तेल कारखान्याकडे धाडावा. ते न जमल्यास वाफेने तापवून वाळवावा. हलरचा तूसमिश्रित कोंडा या कामी फारसा उपयोगी नाही.