घरचे सोबती (लेखांक ९) : पूडलच्या संकरित पिल्लांची ओढ

हवाईतल्या एका अंध महिलेला वाट दाखवणारा कुत्रा हवा होता. पण तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. १९८०च्या दशकात ही विनंती मेलबर्नच्या रॉयल गाइड डॉग्ज असोसिएशनकडे आली आणि तिथल्या पैदास विभागाचे प्रमुख वॉली कॉन्रन यांच्या टेबलावर पोचली. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, तेव्हा मोठ्या चणीचा पूडलच शिकवून पाठवावा, हा त्यांचा पहिला विचार. तीन वर्षांत त्यांनी ३३ पूडल पारखले; अंधांना सोबत करण्याच्या कामाला त्यांतला एकही उतरला नाही. मग त्यांनी लॅब्राडॉर मादी आणि पूडल नर अशी जोडी लावली. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले गेले, आणि एका पिल्लाच्या नमुन्यांनी त्या गृहस्थांना काहीही त्रास झाला नाही. ते पिल्लू सुलतान. पुढे त्याने त्या घरी वर्षानुवर्षं काम केलं.

उरलेली दोन पिल्लं मात्र कोणी सांभाळायला घेईना. संस्थेची पिल्लं लहानपणी घरी वाढवायला उत्सुक कुटुंबांची रांग असे, पण सगळ्यांना शुद्ध जातीचंच पिल्लू हवं होतं. शेवटी कॉन्रननी प्रसिद्धी विभागाला गाठलं आणि ‘लॅब्राडूडल’ नावाचा नवा कुत्रा तयार झाला आहे, असं वृत्तमाध्यमांना सांगायला लावलं. त्यानंतर संस्थेतले फोन वाजायचे थांबेनात. आज कॉकर स्पॅनियलपासून झालेला कॉकापू, गोल्डन रिट्रीव्हरपासून झालेला गोल्डनडूडल, कॅव्हलियरपासून झालेला कॅव्हापू ही पिल्लं ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या असंख्य घरांत आहेत. कॉकापू तर लॅब्राडूडलच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेत होता. २००९ साली बराक ओबामांच्या मुलींसाठी कुत्रा निवडायचा होता, तेव्हा अखेरच्या दोन नावांत लॅब्राडूडल होता. त्यांतल्या मालियाला ॲलर्जी असल्यामुळे हा शोध चालला होता. शेवटी व्हाइट हाउसमध्ये आला तो पोर्तुगीज वॉटर डॉग, बो.

एवढी ओढ का? या कुत्र्यांची जाहिरात पहिल्यांदा केसांबद्दल बोलते. घरात रमणाऱ्या कुत्र्याचं खरं भांडवल मात्र त्याच्या स्वभावात असतं आणि ते फार जुनं आहे. छान कातरलेला, फिती बांधलेला पूडल पाहून खरं वाटत नाही, पण तो मुळात पाण्यात उडी मारून शिकार झालेली बदकं काठावर आणणारा कुत्रा. त्याची ती प्रसिद्ध कातरणीही कामातूनच आली: पोहायला हलकं व्हावं म्हणून अंगावरचे केस काढायचे, छाती आणि सांधे थंड पाण्यात गारठू नयेत म्हणून तिथले ठेवायचे. लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर हेही पक्षी आणून देणारेच, आणि कॉकर झुडपांतून पक्षी उठवणारा. म्हणजे या संकरांत बहुधा दोन्ही बाजूंचे पूर्वज बंदूकधारी माणसाच्या जोडीने काम करणारे. माणसाकडे पाहायचं, त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर वळायचं, तोंडात धरलेली वस्तू न चावता आणून द्यायची, यासाठी त्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ साली कामातल्या आज्ञाधारकतेनुसार जातींची जी क्रमवारी लावली, तीत पूडल दुसरा, गोल्डन रिट्रीव्हर चौथा आणि लॅब्राडॉर सातवा आहे. मागच्या लेखांकात लॅब्राडॉरच्या न भागणाऱ्या भुकेचं कारण पाहिलं होतं. खाऊच्या एका तुकड्यासाठी काहीही शिकायला तयार असलेला लॅब्राडॉर आणि चटकन समजणारा पूडल एकत्र आले की मुलांनाही शिकवता येईल असं पिल्लू होण्याची शक्यता वाढते.

याच स्वभावाची दुसरी बाजू अशी, की असा कुत्रा दिवसभर रिकाम्या फ्लॅटमध्ये बसून राहायला घडलेला नाही. त्याला पळायला लागतं, डोक्याला काम लागतं. ते मिळालं नाही, तर तो भुंकून आणि कुरतडून स्वतःच काम शोधतो. लहान चणीचं पिल्लू घेतलं म्हणजे ही गरज संपली, असं समजणाऱ्या घरांत कुत्राही कष्टी होतो आणि माणसंही.

चेहऱ्याचं आकर्षणही खोटं नाही. मिश्या, दाढी, दाट भुवया आणि त्यांमागून रोखलेले डोळे पाहिले की माणूस विरघळतोच. हा चेहरा कसा घडतो, हे आता नीट माहीत आहे. २००९ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवलं, की कुत्र्यांच्या केसांतलं बहुतेक वैविध्य तीनच जनुकांच्या खेळातून येतं. ‘आरएसपीओ२’ दाढी-भुवया देतो, ‘एफजीएफ५’ केसांची लांबी ठरवतो, ‘केआरटी७१’ कुरळेपणा. दाढी-भुवयांसाठी जनुकाची एकच प्रत पुरते, म्हणून पूडलच्या पहिल्या पिढीच्या प्रत्येक पिल्लाला ती मिळते. लांब केसांसाठी मात्र दोन्हीकडून प्रत यावी लागते. कॉकर आणि गोल्डन आधीच लांब केसांचे, त्यामुळे त्यांची पूडलपासूनची पिल्लं झुपकेदार होतात; आखूड केसांच्या लॅब्राडॉरची पहिली पिढी बरीचशी राठ, मधल्याच प्रकारच्या केसांची निघते. आणि पहिल्या पिढीतल्या दोघांची जोडी लावली, तर सरासरी चारांतलं एक पिल्लू दाढीशिवाय, साध्या तोंडाचं जन्मतं. ते बहुधा केसही गाळतं. म्हणून पैदास करणारे पुन्हापुन्हा पूडलकडे वळतात. २०२० साली ‘ऑस्ट्रेलियन लॅब्राडूडल’चा जनुकीय अभ्यास झाला, तेव्हा त्या कुत्र्यांत पूडलचाच वाटा खूप मोठा निघाला, तो यामुळेच.

आता ॲलर्जी. कुत्र्याची ॲलर्जी केसांमुळे होत नाही. ती होते लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असणाऱ्या प्रथिनांमुळे. त्यांतलं मुख्य ‘कॅन एफ १’. केस हे त्यांचं वाहन. २०११ साली डेट्रॉइटच्या संशोधकांनी १७३ घरांतली धूळ तपासली, तेव्हा ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत आणि इतर कुत्र्यांच्या घरांत फरक आढळला नाही. नेदरलँड्समधल्या २०१२च्या अभ्यासात तर पूडल आणि लॅब्राडूडल यांच्या केसांवर हे प्रथिन लॅब्राडॉरपेक्षा जास्तच सापडलं. लॅब्राडूडलच्या घरांतल्या जमिनीवरच्या धुळीत मात्र ते काहीसं कमी होतं, पण हवेत फरक नव्हता. मग सुलतानने त्या गृहस्थांना त्रास का दिला नाही? कारण एकाच जातीच्या दोन कुत्र्यांतही या प्रथिनाचं प्रमाण खूप वेगवेगळं असतं, आणि माणसांची संवेदनशीलताही सारखी नसते. काहींना फक्त ‘कॅन एफ ५’ सोसत नाही. ते नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं, त्यामुळे अशा माणसाला मादी सहज चालू शकते, मग ती कोणत्याही जातीची असो. कॉन्रननी नमुने आधी पाठवले, हीच त्या गोष्टीतली सर्वांत शहाणपणाची पायरी होती. ज्या घरात दमा आहे, तिथे त्याच विशिष्ट कुत्र्यासोबत काही वेळ घालवून पाहण्याला पर्याय नाही.

न गळणाऱ्या केसांमुळे सोफा स्वच्छ राहतो, हे खरं आणि ते सुख मोठं आहे. पण सुटलेला केस खाली न पडता कुरळ्यांतच अडकतो आणि त्याच्या जटा होतात. लॅब्राडॉर किंवा गोल्डनची मऊ अंतर्लव आणि पूडलचे कुरळे एकत्र आले की गुंता त्वचेलगत होतो. वरून ब्रश फिरवला की कुत्रा नीटनेटका दिसतो, आत मात्र घट्ट थर तयार होत असतो. तो कातडी ओढतो, ओल धरून ठेवतो, चालताना दुखवतो. पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येतात, त्या पहिल्या वर्षाच्या सुमारास हे सर्वांत जास्त होतं. उपाय एकच: बटा बाजूला सारून मुळापर्यंत जाणारा धातूचा कंगवा, तोही नेमाने, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी कातरणी. हा खर्च आणि वेळ पिल्लाच्या किमतीत कोणी सांगत नाही. सांगायला हवा, कारण याची शिक्षा मुक्या जनावराला होते.

संकर म्हणजे निरोगी, हा समजही तपासून झाला आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने २०२४ साली कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली. ९,४०२ कुत्रे, ५७ आजार. ८६.६ टक्के तुलनांत काहीच फरक नव्हता; उरलेल्यांत कुठे संकर वरचढ, कुठे मूळ जात. कारण सोपं आहे. आजाराचं जनुक एकाच बाजूला असेल तर संकराने ते झाकलं जातं; दोन्ही बाजूंना असेल तर नाही. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा ‘पीआरए’चा एक प्रकार पूडल, लॅब्राडॉर आणि कॉकर या तिघांतही एकाच जनुकदोषाने येतो. तसाच खुब्याच्या सांध्याचा दोष मोठ्या पूडलमध्येही आहे आणि लॅब्राडॉरमध्येही.

त्याच कॉलेजच्या आधीच्या एका पाहणीत, २०१९ आणि २०२० साली असं पिल्लू घेणाऱ्या ब्रिटिश मालकांपैकी जवळपास निम्म्यांनी ‘ॲलर्जी होत नाही’ हे एक कारण दिलं होतं. अशा मागणीवर झटपट पिल्लं पुरवणारे कारखाने उभे राहतात. कॉन्रननी उतारवयात आपल्या निर्मितीबद्दल उघड खंत व्यक्त केली, ती याच बेजबाबदार पैदाशीमुळे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२०पासून ‘ल्यूसीज लॉ’नुसार मध्यस्थाला सहा महिन्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. भारतात २०१७च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. मुंबई-पुण्यात पूडलचं संकरित पिल्लू शोधणाऱ्यांनी ते नोंदणी प्रमाणपत्र मागावं, पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी आणि आई-वडील दोघांच्याही डोळ्यांच्या जनुक चाचणीचे आणि खुब्याच्या एक्स-रेचे अहवाल हातात घ्यावेत. हे दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

(पुढच्या लेखांकात : वाट दाखवणारा कुत्रा शिकतो कसा?)