‘जॉय’ : एका संशोधक स्त्रीची चित्रकथा

शोध म्हटला म्हणजे डोळ्यांपुढे प्रयोगशाळा उभी राहते. परंतु कित्येक शोधांचा जन्म घरातील लादीवरच होतो. अमेरिकेतील जॉय मँगानो यांचे जीवन हे याचे उत्तम उदाहरण होय. त्या जीवनावरून सुचलेला ‘जॉय’ हा चित्रपट दिग्दर्शक डेव्हिड ओ. रसेल यांनी २०१५ साली पडद्यावर आणला. नायिकेची भूमिका जेनिफर लॉरेन्स यांनी केली.

मँगानोबाईंचा जन्म १९५६ सालचा. किशोरवयात प्राण्यांच्या रुग्णालयात काम करीत असता, रस्त्यावरील अपघातांपासून पाळीव प्राण्यांचे रक्षण करील अशा चमकणाऱ्या गळपट्ट्याची कल्पना त्यांना सुचली. ती कल्पना मनातच राहिली. आणि पुढे तसाच पट्टा दुसऱ्यांनी बाजारात आणला. हा धडा त्या विसरल्या नाहीत.

घटस्फोटानंतर तीन मुलांचा सांभाळ करीत असता, मळके फडके वारंवार हाताने पिळण्याचा त्यांना कंटाळा आला. १९९० च्या सुमारास त्यांनी सुमारे ३०० फूट लांबीच्या अखंड सुती धाग्याचा झुबका प्लास्टिकच्या दांड्यास जोडला. दांड्याच्या साहाय्याने झुबक्यास पीळ दिला की धागे परस्परांवर दाबले जातात, त्यांमधील फटी अरुंद होतात आणि पाणी बाहेर पडते. हात मात्र कोरडे राहतात. कपडा पिळताना प्रत्येक गृहिणी हेच तत्त्व वापरते. नावीन्य इतकेच, की हाताचे काम येथे दांड्याकडे गेले.

परंतु वस्तू तयार होणे निराळे आणि ती लोकांनी स्वीकारणे निराळे. स्वतःची शिल्लक आणि आप्तेष्टांकडून घेतलेले पैसे त्यांनी या व्यवसायात घातले. दूरचित्रवाणीवरील विक्रीच्या कार्यक्रमात इतरांच्या मुखाने झालेल्या वर्णनाचा फारसा परिणाम झाला नाही. १९९२ साली त्या स्वतः पडद्यावर आल्या आणि त्यांनी प्रत्यक्ष लादी पुसून दाखविली. अर्ध्या तासाच्या आत अठरा हजारांहून अधिक नग खपले. शब्दांनी जे साधले नाही, ते प्रात्यक्षिकाने साधले.

चित्रपट म्हणजे इतिहास नव्हे, हे प्रेक्षकाने ध्यानी ठेवावे. नायिकेची सावत्र बहीण ही दिग्दर्शकाची कल्पनासृष्टी आहे. पडद्यावरील मुलेही दोनच आहेत. तथापि संशोधकाला आपल्या कल्पनेवरील हक्कासाठी किती झगडावे लागते, हे चित्रपट प्रभावीपणे दाखवितो. कल्पना सुचणे हा शोधाचा केवळ आरंभ असतो. ती आकारास आणणे, पारखणे आणि जपणे यांवाचून तो शोध पूर्णत्वास जात नाही.