व्हिडिओ संकेतदर्शक

दूरचित्रवाणी व चित्रपट यांतील प्रतिमेची दीप्ती, तिच्यातील उजेड-अंधाराचा भेद आणि रंग आलेखाच्या रूपाने दाखविणारी साधने. चित्रीकरणानंतर दृश्यांचे रंग व दीप्ती यांचा मेळ घालण्याच्या क्रियेस रंगसंस्करण म्हणतात व तीत या साधनांचा मुख्यत्वे उपयोग होतो. मापनाच्या कामी डोळा विश्वसनीय नाही. दिव्याचा पिवळेपणा थोड्याच वेळात त्यास जाणवेनासा होतो. एकच करडा रंग काळ्या पार्श्वभूमीवर उजळ, तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद भासतो. शिवाय ज्या पडद्यावर प्रतिमा पहावयाची तोही सदोष असू शकतो.

तरंगरूपदर्शक हा मूलतः दोलनदर्शकाचाच एक प्रकार होय. त्याच्या आडव्या अक्षावर प्रतिमेतील डावे-उजवे स्थान व उभ्या अक्षावर दीप्ती दाखविली जाते. भारताने स्वीकारलेल्या पाल या सदृश पद्धतीत काळ्यासाठी ० व पूर्ण पांढऱ्यासाठी ०·७ व्होल्ट ही मूल्ये होती. आठ-बिट अंकीय संकेतात ती अनुक्रमे १६ व २३५ अशी असतात. परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या भागात काळ्या जमिनीत फुटलेला कापूस भर उन्हात चित्रित करणे, ही या दोन मर्यादांची कसोटीच असते. बोंडांचा आलेख वरच्या रेषेशी सपाट झाल्यास तंतू नाहीसे होऊन केवळ पांढरे ठिपके उरतात; मातीचा आलेख तळाशी चिकटल्यास ढेकळे व भेगा अंधारात बुडतात. चित्रीकरणातच गमावलेला तपशील संस्करणाने परत येत नाही, पांढऱ्या ठिपक्याचा करडा ठिपका होतो इतकेच.

लाल, हिरवा व निळा या घटकांचे आलेख शेजारी-शेजारी मांडल्यास रंगाची झाक ओळखता येते. पांढऱ्या कापसाच्या जागी तिन्ही आलेख सारख्या उंचीवर हवेत. निळा खाली असल्यास चित्र पिवळसर असते. अर्थात मावळतीच्या उन्हात कापूस पिवळसरच दिसावयाचा. तेथे आलेख समान करण्याचा हट्ट धरला, तर संध्याकाळच पुसली जाते.

सदिशदर्शकाच्या वर्तुळात कोनाने रंगछटा व केंद्रापासूनच्या अंतराने तिची संपृक्तता कळते. त्यावर लाल व पिवळा यांच्या दरम्यान, सु. १२३° कोनात, त्वचारेषा आखलेली असते. गोऱ्या व सावळ्या त्वचेची छटा बहुधा या रेषेच्या आसपासच पडते. मुख्य फरक दीप्तीचा असतो. म्हणून चेहऱ्याची दीप्ती सु. ७० टक्के ठेवण्याचा, गोऱ्या त्वचेवर बेतलेला जुना ठोकताळा उन्हाने रापलेल्या शेतमजुराच्या चेहऱ्यास लावणे चुकीचे ठरते. चेहरा फिका पडतो आणि मागील आकाशातील तपशीलही जातो.

महाराष्ट्रात रंगीत चित्रपटाचा आरंभीचा प्रयत्न प्रभात फिल्म कंपनीने सैरंध्री (१९३३) या चित्रपटात केला. त्याच्या रंगीत प्रतींचे काम जर्मनीत झाले. परंतु रंग समाधानकारक उतरले नाहीत. पुढेही चित्रपटाच्या प्रती काढताना रंगांचा निर्णय बराचसा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या नजरेवर अवलंबून असे. दूरचित्रवाणीत मात्र संकेत मापणे आरंभापासूनच अपरिहार्य होते. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले व भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले. त्या काळी स्वतंत्र व महाग असलेली ही उपकरणे आता संगणकावरील संस्करण-प्रणालींतच अंतर्भूत असतात. अतिदीप्त प्रतिमांसाठी मात्र त्यांची मोजपट्टी टक्क्यांऐवजी चौरस मीटरमागे कँडेला या एककात, १०,००० पर्यंत, आखलेली असते.