सहा फूट दहा इंचांत उंच माणसाची पथारी

इंग्लंडच्या कालव्यांवर राहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘नॅरोबोट’ या अरुंद नौकेची रुंदी साधारणतः ६ फूट १० इंच असते आणि हा आकडा नौका बांधणाऱ्याच्या आवडीतून नव्हे, तर अठराव्या शतकातील एका काटकसरीतून आला आहे. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या आराखड्यानुसार १७६६ मध्ये ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्याचे काम सुरू झाले. त्यावरील बहुतेक लॉक, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून नौका चढवणारे किंवा उतरवणारे दरवाजांचे बांधीव हौद, सुमारे सात फूट रुंदीचे ठेवले गेले, कारण दुप्पट रुंदीच्या लॉकला दर खेपेस दुप्पट पाणी लागले असते आणि हेअरकॅसल टेकडीखालचा दीड मैलाहून लांब बोगदा तेवढा रुंद खोदणे परवडणारे नव्हते.

या नौका कोळसा आणि चिनी मातीची भांडी वाहण्यासाठी होत्या. माणसाच्या वाट्याला मालाने सोडलेली जागा येई. रेल्वेच्या स्पर्धेत कालव्यावरची कमाई घटल्यावर नावाड्यांची कुटुंबेच नौकेवर राहू लागली आणि मागच्या बाजूच्या, लांबीने दहा फुटांच्या आतल्या खोलीत चूल, कपाटे व दिवसा कपाटात मिटणारा आडवा पलंग असा सगळा संसार मावू लागला. नौकेवरच्या या राहणीविरुद्ध जॉर्ज स्मिथ या समाजसुधारकाने चालवलेल्या चळवळीमुळे १८७७ मध्ये कायदा झाला आणि त्याखालील नियमांनी बारा वर्षांवरील प्रत्येक माणसामागे ६० घनफूट जागा आवश्यक ठरवली. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि चार फूट उंच पेटीत तेवढीच हवा मावते, आणि सुधारणा म्हणून मिळालेले हे माप होते हे ध्यानात घेतले, म्हणजे आधीची अवस्था वेगळी सांगावी लागत नाही.

आजच्या पोलादी नॅरोबोटीत मालाची जागाही घरात आली आहे, तरी रुंदी तीच आहे. उंच ग्राहक प्रथम छताची चौकशी करतो. आतील उंची बहुधा सव्वासहा फुटांच्या आसपास असते आणि छत वर नेणे अवघड असते, कारण जुन्या पुलांच्या कमानी कडेला खाली उतरतात, म्हणूनच नौकेच्या वरच्या भिंती आत कललेल्या असतात, आणि खाणकामामुळे जमीन खचल्याने हेअरकॅसलसारख्या बोगद्याचे छतही खाली आले आहे. उंची मिळवायची ती खालून, म्हणजे नौका स्थिर राहावी म्हणून जमिनीखाली ठेवलेल्या फरशांच्या वा विटांच्या वजनाऐवजी कमी जाडीचे लोखंड वापरून. न्हाणीघरात मात्र पाणी उपसण्याची सोय करताना तळ उचलला जातो आणि मिळवलेले इंच तिथेच खर्ची पडतात. एवढे असूनही छताची चिंता अवाजवी वाटते. वाकून चार पावले टाकता येतात, पण पाय दुमडून आठ तास झोपणे दुखण्याला आमंत्रण देते.

झोपेचा प्रश्न असा, की आडव्या पलंगाची लांबी ही नौकेची आतील रुंदी असते. दोन्ही बाजूंना चालण्यासाठी सोडलेली अरुंद काठपट्टी, पोलादाला आतून लावलेला फोमचा थर आणि त्यावरचे लाकडी अस्तर वजा केले, तर काठपट्टीच्या वरच्या पातळीवर जेमतेम सहा फूट, कित्येकदा त्याहूनही कमी उरते. मात्र काठपट्टीच्या खाली नौकेची पूर्ण रुंदी उपलब्ध असते, आणि पलंग तितका खाली बसवला तर पाय काठपट्टीखाली सरकून चार-पाच इंच सहज मिळतात. त्याच्याखालच्या कप्प्यांची उंची घटते, हा सौदा उंच माणसाला मान्य असावा. आडव्या पलंगाने नौकेतली वाट अडते, म्हणून त्याचा एक भाग रोज सकाळी घडी करून ठेवावा लागतो. दुसरा मार्ग लांबीच्या दिशेने कायमचा पलंग बसवण्याचा: तो चार फुटांच्या आसपास रुंद असल्याने शेजारून जाण्यापुरती जागा राहते, भिंतीकडेच्या माणसाला रात्री उठताना दुसऱ्यास ओलांडावे लागते, पण साडेसहा फुटांची गादी हवी असल्यास आतली एक आडभिंत सरकवली की झाले. नॅरोबोटीत मुबलक असलेली एकच दिशा म्हणजे लांबी, आणि जवळजवळ सर्व जोडलेल्या कालव्यांतून जाऊ शकणाऱ्या ५७ फुटी नौकेत झोपेसाठी सहा इंच जास्त देणे ही चैन म्हणता येत नाही. विक्रीपत्रकात ‘दुहेरी पलंग’ एवढेच लिहिलेले असेल, तर ग्राहकाने टेप घेऊन जावे आणि पलंगावर आडवेही व्हावे.

लांबी पुरली तरी टाच बाहेरच्या भिंतीला टेकली, की थंड पोलादाजवळ श्वासातली वाफ साचून पांघरूण ओले होते आणि सपाट फळीवर ठेवलेल्या गादीला खालून बुरशी धरते. म्हणून फटी असलेल्या पट्ट्यांवर गादी घालून तिच्या टोकांशी हवेसाठी जागा सोडतात. बहुतेक नौकांत लाकूड-कोळशाची शेगडी पुढच्या दालनात आणि शयनकक्ष मागे असल्याने उष्णता छताशी थबकते, आणि उभ्या असलेल्या उंच माणसाचे डोके तापते, पावले गारच राहतात. यावर रेडिएटर किंवा छोटा पंखा उपयोगी पडतो, हवेची भोके बुजवणे मात्र कदापि नाही, कारण शेगडीतून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. याच धोक्यामुळे एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या नौकांवर त्या वायूची सूचना देणारे यंत्र बसवणे ब्रिटनच्या नौका-सुरक्षा तपासणीत बंधनकारक झाले आहे.